क्लच पेडल काढलं, चार वर्षांनी परत आणलं: पोर्शे ९११ जीटी३चं प्रकरण

मार्च २०१३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये पोर्शेने ९११ जीटी३ची नवी पिढी दाखवली. टर्बो नसलेलं ३.८ लिटरचं इंजिन, ४७५ अश्वशक्ती, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारी सुई, वेगानुसार किंचित वळणारी मागची चाकं. आणि पायाशी फक्त दोन पेडल. १९९९ मध्ये पहिली जीटी३ आली तेव्हापासून या गाडीत हाताने टाकायचे सहा गिअर आणि क्लच एवढंच मिळत होतं. आता त्या जागी सात गिअरचा ड्युअल क्लच आला, ज्याला पोर्शे ‘पीडीके’ म्हणते. मॅन्युअल हवाच असेल तर जास्त पैसे मोजूनही मिळणार नव्हता.

चार वर्षांनी, त्याच जिनिव्हात, याच गाडीच्या सुधारित आवृत्तीत सहा गिअरचा मॅन्युअल परत आला. त्यासाठी जादा किंमतही लावली नाही. मधल्या काळात पीडीके कुठेही कमी पडला नव्हता. तो २०१७ मध्येही मॅन्युअलपेक्षा वेगवान होता, आजही आहे. तरीही वाइसाखच्या, म्हणजे पोर्शेच्या विकास केंद्रातल्या, अभियंत्यांनी क्लच पेडल परत बसवलं. मॅन्युअल घ्यावा की ड्युअल क्लच, या प्रश्नावर विचार करायला मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. २०१७ च्या या गाडीत दोन्ही पर्यायांना इंजिन तेच, चेसिस तेच, बनवणारी माणसंही तीच. बदलला तो गिअरबॉक्स.

२०१३ चा निर्णय का झाला

तो काळ आठवून पाहा. निसानची जीटी-आर २००७ पासून फक्त ड्युअल क्लचवर धावत होती आणि दुप्पट किमतीच्या गाड्यांना ट्रॅकवर घाम फोडत होती. फेरारीची ४५८ इटालिया २००९ मध्ये आली ती मॅन्युअलशिवायच. मॅकलारेनच्या नव्या गाड्यांतही क्लच पेडल नव्हतं. स्पोर्ट्स कारच्या जगात मॅन्युअलचे दिवस भरले, असं बहुतेक सगळे धरून चालले होते.

पोर्शेकडे तर हे तंत्र घरचंच होतं. ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर पीडीके बसवून त्यांनी वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या होत्या, आणि १९८६ मध्ये मॉन्झाची शर्यत पीडीकेवाल्या ९६२ ने जिंकलीही होती. टर्बो इंजिनावर गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागला की टर्बोचा दाब उतरतो. दाब टिकवायचा तर पाय न उचलता गिअर बदलला पाहिजे, ही तेव्हाची गरज होती. ते सगळं रस्त्यावरच्या ९११ मध्ये यायला मात्र २००८ उजाडलं. तोवर फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर३२ मध्ये ड्युअल क्लच देऊन टाकला होता.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, म्हणून थोडं सांगतो. साध्या एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं मोटर करते, म्हणून मध्ये झटका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेल जोडतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. ड्युअल क्लचमध्ये एका गिअरबॉक्सच्या पोटात दोन गिअरबॉक्स असतात. एका शाफ्टवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर आणि त्यांचा एक क्लच. दुसऱ्या शाफ्टवर दुसरा, चौथा, सहावा आणि त्यांचा दुसरा क्लच. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच गुंतवून ठेवलेला असतो. स्टिअरिंगमागचं पॅडल (बोटाने ओढायची पट्टी) ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. पोर्शेचे क्लच तेलात बुडालेले, अनेक चकत्यांचे आहेत, त्यामुळे तापले तरी तेल उष्णता वाहून नेतं.

मॅन्युअलमध्ये ताकद तुटते, आणि ट्रॅकवर त्याची किंमत मोजावी लागते. ५०० अश्वशक्तीची, चालकासह दीड टनाची गाडी ताशी १८० च्या आसपास असताना दर सेकंदाला साधारण ४ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवत असते. निष्णात चालकाने ०.३ सेकंदात गिअर टाकला तरी तेवढ्यात ताशी चार किलोमीटरहून थोडा जास्त वेग हातचा जातो. शिवाय हवेचा अडथळा त्या वेळात थांबत नाही. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकच्या जवळपास २१ किलोमीटरच्या फेरीत हे कितीतरी वेळा घडतं. वळणाच्या मध्यावर गिअर बदलता येतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, डावा पाय ब्रेकसाठी मोकळा होतो, हे फायदे वेगळेच.

आकडेही पोर्शेच्या बाजूने बोलत होते. आधीच्या पिढीची जीटी३ शून्यावरून १०० ला ४.१ सेकंदांत जायची, नवी ३.५ मध्ये. न्युर्बुर्गरिंगवर आधीची ७ मिनिटं ४० सेकंद घ्यायची, नवी ७ मिनिटं २५. या पंधरा सेकंदांतलं श्रेय एकट्या पीडीकेचं नाही. इंजिन, टायर, मागचं स्टिअरिंग, सगळंच नवं होतं. पण जीटी३ हे नाव शर्यतीशी बांधलेलं, आणि शर्यतीच्या गाड्याही एव्हाना पॅडलवर गेल्या होत्या. जीटी विभागाचे प्रमुख आंद्रेआस प्रॉयनिंगर यांच्या समोर प्रश्न ‘जास्त वेगवान काय?’ असा असेल, तर उत्तरात संदिग्ध काहीच नव्हतं.

त्यांनी पीडीकेही जीटी३ ला साजेसा करून घेतला. गिअरची प्रमाणं जवळजवळ ठेवली, बदल सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात होईल असे बसवले, आणि एक फार सुंदर सोय दिली: दोन्ही पॅडल एकदम ओढली की दोन्ही क्लच सुटतात, मॅन्युअलमध्ये क्लच दाबल्यासारखे. गाडी घसरायला लागली तर ताकद तोडता येते, किंवा पॅडल सोडून मागचा भाग मुद्दाम झटकन बाहेर काढता येतो. ज्यांनी हे सुचवलं आणि केलं त्यांना क्लच पेडलचा उपयोग पुरेपूर माहीत होता. म्हणून ‘२०१३ मध्ये पोर्शेने आत्मा विकला’ वगैरे जे लिहिलं गेलं ते मला कधीच पटलं नाही. तो निर्णय विचारपूर्वक, मोजून-मापून घेतलेला होता.

मोजमापातून काय निसटलं

निसटलं ते असं: बहुतेक जीटी३ आपल्या आयुष्यातले बहुतेक किलोमीटर साध्या रस्त्यावर काढतात. आणि साध्या रस्त्यावर या गाडीची ताकद वापरायला जागाच नसते.

मॅन्युअल जीटी३चा दुसरा गिअर ९,००० फेऱ्यांपर्यंत ओढला तर काटा १३० च्या आसपास जातो. जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा १०० ची. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारींना १०० च, घाटात त्याहून कमी. म्हणजे कायदा पाळून चालवणाऱ्याला दुसरा गिअरसुद्धा पूर्ण वापरता येत नाही. अशा वेळी गिअर बदलायला सेकंदाचा दहावा भाग लागला काय किंवा अर्धा सेकंद लागला काय, पोहोचण्याच्या वेळेत फरक पडत नाही. फरक पडतो तो मधल्या वेळात चालकाने काय केलं यात.

पीडीकेवर खालचा गिअर हवा असेल तर डाव्या बोटाने पॅडल ओढायचं. इंजिनाच्या फेऱ्या जुळवणं, क्लच धरणं, सगळं यंत्र करतं आणि दर वेळी अचूक करतं. पहिल्या दिवशी जितकं नीट होतं तितकंच दहा वर्षांनीही. मॅन्युअलवर तेच काम करायचं तर उजव्या पायाच्या पंजाने ब्रेक धरायचा, त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टोला द्यायचा, डाव्या पायाने क्लच, डाव्या किंवा उजव्या हाताने गिअर. फेऱ्या जुळल्या तर गाडी लोण्यासारखी पुढच्या वळणात शिरते. नाही जुळल्या तर मागची चाकं हिसका देतात आणि कळतं की अजून शिकायचंय. हे कौशल्य ताशी ६० ला करता येतं, कुणाचा जीव धोक्यात न घालता. यात माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. ड्युअल क्लचवाली गाडी रंगात यायला वेग लागतो, आणि तो वेग रस्त्यावर देता येत नाही. मॅन्युअल गाडी कमी वेगातही चालकाला काम देते.

पोर्शेला हे ऐकू यायला लागलं ते तक्रारींतून, आणि त्याहून जास्त जुन्या गाड्यांच्या भावांतून. आधीच्या पिढीची शेवटची, ६०० च बनलेली जीटी३ आरएस ४.० (आरएस म्हणजे जीटी३ची ट्रॅककडे आणखी झुकलेली आवृत्ती) मॅन्युअल होती, आणि तिचा भाव चढतच गेला. लोक हळू गाडीला जास्त पैसे देत होते.

परतीचा रस्ता

कंपनीने निर्णय एकदम फिरवला नाही, पाणी जोखत गेली. २०१५ मध्ये केमन जीटी४ आली: ३८५ अश्वशक्ती, फक्त मॅन्युअल. मग २०१६ मध्ये ९११ आर. जीटी३ आरएसचं चार लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल, मोठा पंख काढलेला, वजन १,३७० किलो. संख्या ९९१, कारण त्या पिढीचा सांकेतिक क्रमांक ९९१. नाव १९६७ च्या हलक्या ९११ आरवरून घेतलेलं.

९११ आर ही मला या कथेतली सर्वांत सुंदर गाडी वाटते आणि तिच्याबाबतीतला निर्णय सर्वांत वाईट. २०१३ मध्ये मॅन्युअल काढण्याचं समर्थन करता येतं. पण तो परत हवा आहे हे कळल्यावर तो फक्त ९९१ जणांना द्यायचा, याचं समर्थन मला करता येत नाही. जे व्हायचं तेच झालं. जर्मनीत जवळपास १ लाख ९० हजार युरोंना विकलेल्या गाड्या काही महिन्यांत कित्येक पटींनी महाग झाल्या आणि बऱ्याचशा गुंतवणूक म्हणून झाकून ठेवल्या गेल्या. घाटवाटांवर चालवायला बनवलेली गाडी गॅरेजात उभी राहिली. कंपनीला मात्र उत्तर मिळालं, आणि पुढच्याच वर्षी मॅन्युअल सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हा आरच्या सट्टेबाजांचे हात थोडे पोळले. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

२०१७ ची जीटी३ अभ्यासाला सोन्यासारखी आहे, कारण त्याच गाडीवर दोन्ही गिअरबॉक्स मिळत होते आणि कंपनीने दोन्हींचे आकडे दिले. इंजिन ४ लिटर, ५०० अश्वशक्ती. शून्य ते १०० ला पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. वजन पीडीकेचं १,४३०, मॅन्युअलचं १,४१३. कमाल वेग पीडीकेचा ताशी ३१८, मॅन्युअलचा ३२०. म्हणजे अर्धा सेकंद पीडीकेच्या पदरात. सतरा किलो आणि, कुणाला कधी उपयोग झालाच तर, दोन किलोमीटर मॅन्युअलच्या.

त्या अर्ध्या सेकंदात बराचसा वाटा जागेवरून सुटण्याचा आहे. लाँच कंट्रोल, म्हणजे सुटताना क्लच सांभाळणारी संगणकी सोय, मागच्या टायरांना झेपेल तेवढाच क्लच घसरवतो, आणि माणसाच्या पायाला हे दर वेळी साधत नाही. बाकीचा वाटा एका गिअरबदलाचा.

कमी बोलला गेलेला फरक डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा आहे. पीडीकेवाल्या गाडीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं लॉकिंग डिफरन्शियल होतं, जे गरजेनुसार लॉकचं प्रमाण बदलतं. मॅन्युअलला यांत्रिक. म्हणजे गिअरबॉक्स निवडताना ग्राहक नकळत गाडीचं वळणातलं वागणंही निवडत होता. ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक सरस, पण यांत्रिक डिफरन्शियल दर वेळी एकाच पद्धतीने वागतं, आणि शिकणाऱ्याला त्याचा अंदाज लवकर येतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला टूरिंग पॅकेज आलं: मागचा पंख नाही, आणि फक्त मॅन्युअल. गाडी कुणासाठी आहे हे ओळखून गिअरबॉक्स ठरवण्याची सुरुवात मी इथून धरतो. आरएस मात्र तेव्हाही फक्त पीडीकेवर होती आणि अजूनही आहे. तेही योग्यच आहे. ती गाडी घड्याळासाठी आहे.

मॅन्युअल परत आला, पण अपुरा

इथे मॅन्युअलच्या चाहत्यांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ चा मॅन्युअल हाताला अप्रतिम होता, पण त्याचे गिअर लांब होते. दुसऱ्यात १३० म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी दुसऱ्यातच राहणार. ज्या कामासाठी मॅन्युअल घेतला ते काम करायची संधीच कमी. केमन जीटी४वर तर ही टीका आल्यापासून होत होती. पीडीकेत सात गिअर असल्याने प्रमाणं जवळ ठेवता येतात आणि इंजिन कायम आपल्या जोमाच्या पट्ट्यात राहतं. मॅन्युअल परत आणणं पुरेसं नव्हतं. तो रस्त्याच्या वेगाला जुळवणंही गरजेचं होतं.

ते व्हायला आणखी सहा वर्षं गेली. २०२१ मध्ये पुढच्या पिढीची जीटी३ आली, ५१० अश्वशक्तीची, दोन्ही गिअरबॉक्सच्या पर्यायासह. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात एक विचित्र प्रसंग घडला: आवाजाच्या जुन्या चाचणीपद्धतीत मॅन्युअल जीटी३ अडकली आणि काही काळ तिथे फक्त पीडीकेच मिळेल असं ग्राहकांना सांगितलं गेलं. नंतर मार्ग निघाला. मॅन्युअल किती बाजूंनी कोंडीत सापडलाय याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

खरं उत्तर २०२३ च्या ९११ एस/टीमध्ये मिळालं. ५२५ अश्वशक्ती, फक्त मॅन्युअल, वजन १,३८० किलो. गिअरचं प्रमाण मॅन्युअल जीटी३पेक्षा ८ टक्क्यांनी आखूड. क्लच आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) इतके हलके की फिरणारं वजन १०.५ किलोने उतरलं. फ्लायव्हील हलकं झालं की इंजिनाच्या फेऱ्या पायाबरोबर चढतात-उतरतात, टोला देऊन फेऱ्या जुळवणं एकदम जिवंत होतं. मागचं स्टिअरिंगही काढून टाकलं. २०१३ च्या गाडीत सगळे निर्णय घड्याळाकडे पाहून झाले होते. या गाडीत चालकाच्या हातापायांकडे पाहून झाले. दुखणं तेच राहिलं: संख्या १,९६३ पुरती. पण ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित जीटी३त ते ८ टक्क्यांनी आखूड केलेलं प्रमाण दोन्ही गिअरबॉक्सना मिळालं आणि मर्यादित संख्येची अटही उरली नाही. कमाल वेग थोडा कमी झाला. ३२० ऐवजी ३१३ वर थांबणारी गाडी घेऊन कुणाचंही काही बिघडणार नाही.

आणि २०२५ मध्ये शर्यतपटू योर्ग बेर्गमाइस्टर यांनी मॅन्युअल जीटी३ न्युर्बुर्गरिंगवर ६ मिनिटं ५६ सेकंदांच्या आसपास फिरवली. २०२१ ची पीडीकेवाली जीटी३ ती पूर्ण फेरी जेमतेम सात मिनिटांच्या आत करत होती. म्हणजे चार वर्षांत टायर, सस्पेन्शन आणि हवेच्या दाबाच्या कामातून जे मिळालं, ते गिअरबॉक्सच्या फरकाहून जास्त निघालं. पीडीके हळू ठरला असा याचा अर्थ नाही, त्याच गाडीत तो अजूनही पुढेच असेल.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे

हे सगळीकडे लागू होतं असं मी म्हणणार नाही. शेव्हरोलेने २०२० ची कॉर्व्हेट इंजिन मध्यभागी घेऊन आणि फक्त आठ गिअरच्या ड्युअल क्लचवर आणली, आणि ती जोरात खपली. उलट टोयोटाने सुप्रा फक्त ऑटोमॅटिकवर आणली होती, २०२२ मध्ये तिला मॅन्युअल द्यावा लागला. दोन्ही गाड्यांचा ग्राहक वेगळा. मॅन्युअलची मागणी तिथेच टिकते जिथे माणूस गाडी चालवण्यासाठीच घेतो, आणि अशी माणसं मोजकी असतात.

पीडीकेच्या बाजूने एक मुद्दा फार क्वचित ऐकू येतो, तो सुरक्षिततेचा. ९,००० फेऱ्यांच्या इंजिनावर चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि व्हॉल्व्ह-पिस्टनचा चुराडा होऊ शकतो. पीडीके असा हुकूम मानतच नाही. वापरलेली मॅन्युअल जीटी३ घेणाऱ्याने म्हणूनच इंजिनाच्या संगणकातली जादा फेऱ्यांची नोंद काढून घ्यावी. पोर्शेच्या संगणकात ती टप्प्याटप्प्याने साठवलेली असते. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील तर भाव कितीही आकर्षक असो, तिथूनच परत फिरावं. पीडीकेची दुखणी वेगळी: क्लच मॅन्युअलसारखा कुठल्याही चांगल्या कारागिराकडून बदलून होत नाही, खास साधनं आणि शिकलेले हात लागतात, आणि बिल त्याच हिशेबात येतं.

कुणी मला विचारलंच, तर मी आधी त्याचा वर्षभराचा रस्ता विचारतो. महिन्यातून एकदा तरी ट्रॅकवर जाणार असेल आणि घड्याळ लावणार असेल, तर पीडीके, मनात किंतु न ठेवता. त्याचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आणि मोकळा डावा पाय तिथे दर वेळी कामी येईल. रोज शहराच्या गर्दीतून जाणार असेल तरीही पीडीके; जीटी३चा क्लच दाबत तासभर रांगणं ही हौस दुसऱ्याच आठवड्यात फिटते. पण गाडी रविवारी पहाटे घाटात काढायची असेल, वेग मर्यादेत ठेवून, तर मॅन्युअल घ्यावा, आणि शक्य असेल तर आखूड प्रमाणाचा, २०२४ नंतरचा. त्याआधीचा मॅन्युअल आणि पीडीके यांत अडकलेल्याला मी दोन्ही गाड्या एकाच घाटात चालवून बघायला सांगतो, आणि दोन्हींत तिसरा गिअर किती वेळा पडला एवढंच लक्षात ठेवायला सांगतो.